कसर

परीक्षा तोंडावर आली तेव्हा
रुबाब तडवीनं खिशातून काढून
टेबलावर दोन करडे गोळे ठेवले.
केळीतल्या पंपखोलीत, घुबडाखाली सापडलेले.
पोरी ओरडल्या.
भारंबे मॅडम म्हणाल्या, नेहेते, चिमटा द्या.

दिला. माझं काम तेच,
मागतील ते देणं, मग धुऊन जागेवर ठेवणं.

कोमट पाण्यात एक गोळा सुटत गेला:
केसांखाली केस,
मग नखाएवढा जबडा, दात पिवळे, अजून धारेचे,
मग अजून एक,
मग चिचुंदरीची लांबट कवटी.
रुबाब जोड्या लावत म्हणाला,
उंदीर आमच्या दादरीतलेच आहेत, मॅडम.

मॅडमनी फळ्यावर उतरंड काढली.
तळाला दादर, त्यावर उंदीर, त्यावर घुबड.
दहातलं एकच वर चढतं, म्हणाल्या,
नऊ वाटेतच जातात,
पळण्यात, धापा टाकण्यात, अंग ऊबदार ठेवण्यात.

मस्टरवर माझं नाव सगळ्यांच्या खाली असतं.
त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं,
काढून बघा की हे मडकं.

घुबडाला कोण खातं, मागच्या बाकावरून कुणीतरी.
कुणी नाही, म्हणत मॅडमनी
वरच्या मडक्यावर झाकण काढलं.
घंटा झाली.

दुसरा गोळा मी पेढ्याच्या रिकाम्या डब्यात
कपाटात ठेवला. आणि विसरलो.

मे महिन्यात चिनावलचे पत्रे तडतडत राहिले,
बरण्यांवरची लेबलं डिंक सुकून गळाली,
बेडूक कोणता, सरडा कोणता,
सगळे एकाच द्रावणात निनावी.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी डबा हाती लागला.
आत गोळा नव्हता.
हाडं होती, धुतल्यासारखी,
आणि एक केस शिल्लक नाही.
कडेला रिकामी कोषटं, गव्हाच्या फोलासारखी.
कसर लागली होती.
इतका चोख हिशेब मांडला मॅडमनी,
त्यात ही राहून गेली.

झाकणाआडून एक मातकट पतंग उठला,
तांदळाएवढा,
दादर, उंदीर, घुबड सगळं पंखांवर घेऊन
सरळ ट्यूबकडे गेला.
ट्यूबमागे पाल.
तिचं नाव तर मस्टरवरच नाही.

ती चुकचुकली.

फळ्यावर उतरंड पुसट झालेली,
झाकणाची रेघ तेवढी ठसठशीत.
मी फडकं ओलं केलं
आणि आधी झाकण पुसलं.