खाडाखोड

संख्याशास्त्रवाल्यांना आकडे कळतात, म्हणून
ते फॉर्म माझ्याकडे आले. अडतीस.
अर्ध्या दिवसाचं शिबिर होतं, प्राध्यापकांचं मानसिक स्वास्थ्य,
वर खमण, पेढा, आणि प्रत्येकाला एक पेन्सिल,
मागच्या टोकाला गुलाबी रबर.

गेल्या पंधरा दिवसांत झोप लागली नाही, असं किती वेळा झालं?
वर्गाच्या दारात छाती धडधडली?
आपला कुणाला काही उपयोग नाही, असं वाटलं?
कधीच नाही. क्वचित. बरेचदा. जवळजवळ रोज.
नाव लिहू नये.

अडतीसपैकी अडतीस: कधीच नाही.
सरासरी शून्य, विचलन शून्य.
सत्तावीस वर्षं मी पोरांना सांगत आलोय,
इतके स्वच्छ आकडे दिसले
की समजा, कुणीतरी रात्री बसून धुतलेत.

दांडिया बाजारातल्या घरी, सगळे निजल्यावर,
एकेक कागद दिव्यापुढे तिरपा धरला.
शेवटच्या चौकोनात वळ होता.
आधी उमटवलेला, मग घासलेला,
रबराचा चुरा अजून कडेला चिकटून.
एकावर नाही, बावीस कागदांवर.
एकानं तर इतकं घासलं होतं
की कागद विरला होता, पलीकडचा दिवा दिसत होता.

हा कोण?
अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर
नववं वर्ष शिकवणाऱ्या फणसेबाई?
स्टाफरूममध्ये सगळ्यांना हसवणारा ब्रह्मभट्ट?
की कारेकर, जो हल्ली हजेरी दोनदा घेतो
आणि दुसऱ्यांदाही तितक्याच आवाजात?
अक्षर असतं तर ओळखलं असतं,
सगळ्यांच्या उत्तरपत्रिका हाताखालून गेल्यात.
खुणेला अक्षर नसतं.
माझा कागद कुठला, तेही कळेना.
मीही खोडलं होतं.

काळ्या घोड्याजवळच्या पुलावर
संध्याकाळी मी स्कूटर थांबवतो.
खाली विश्वामित्री, हिरवट, हलत नसल्यासारखी.
शेंगवाला विचारतो, साहेब, मगर देखाई?
मी म्हणतो, नाही रे, आज नाही.
तो पुडी बांधून देतो. ती घेऊन मी घरी येतो.
मगर बघत नसतो, हे
त्याला माहीत असावं असं मला कधीकधी वाटतं.
पुडी तो जरा वेळ लावून बांधतो.

सोमवारी बैठकीत अहवाल मागितला.
डीनबाई म्हणाल्या, व्हेरी गुड, म्हणजे सगळे ठणठणीत!
मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
म्हणालो, मार्चपासून मला झोप नाही.
हे माझ्या कागदावर होतं. मी खोडलं.

पंखा फिरत राहिला.
कुणाची तरी खुर्ची करकरली.
संपलं, मला वाटलं,
आता उद्यापासून माझ्याशी हळू आवाजात बोलतील,
परीक्षेच्या कामातून नाव काढतील.
मग ब्रह्मभट्टनं, कुठलाही विनोद न करता,
आपली बशी माझ्याकडे सरकवली, अर्धा चहा.
तमारे तो मार्च, म्हणाला, मारे तो दिवाळीथी.

फणसेबाई बराच वेळ पदराचं टोक दुमडत होत्या.
एखाद्या चांगल्या डॉक्टरचा नंबर आहे का कुणाकडे?
माझ्या एका मैत्रिणीला हवाय.
कुठल्या, ते कुणी विचारलं नाही.
नंबर माझ्याकडे होता. पाकिटात, चार महिने, घडी न उलगडता.
मी फळ्यावर लिहिला.
पाच जणांनी उतरवून घेतला,
डीनबाईंनीही, फाईल आडवी धरून.

चार वाजता शिपाई डस्टर घेऊन आला.
कारेकर दारातच होता.
राहू दे, म्हणाला.
मग पुन्हा एकदा म्हणाला, राहू दे.