चौकट

बुरैमीच्या पशुप्रयोगशाळेत
नमुन्याच्या फॉर्मवर दोन चौकटी: जिवंत, मृत.
उंटिणीच्या नाकातला बोळा
मी उणे ऐंशीत ठेवला
आणि पेन तिथंच अडलं.

हा खात नाही, श्वास घेत नाही.
बाटलीत आहे तोवर बरणीतल्या मिठासारखा, गप्प.
पेशीत शिरला की मात्र
चूल तिची, भांडी तिची,
पोरं ह्याची.

डॉक्टर इद्रिस म्हणाले, बी जिवंत असतं का, सांग.
मी म्हटलं, बी कुणाचं घर मोडत नाही.
(खोटं बोलले. चिपळूणला आमच्या न्हाणीच्या भिंतीत
पिंपळ रुजला होता.)

ज्या पेशीत हा राहतो
तिला मराठी पुस्तकात यजमान म्हणतात.
वाचून एकटीच हसले.
इथली पहिली दोन वर्षं
मीही यजमानांच्या व्हिसावर, तिसऱ्या मजल्यावर,
एसीच्या थंडीत.
खात होते, श्वास घेत होते,
वाढतही होते, वजनकाटा साक्षीला.
आणि फोनवर आत्या विचारायची, काय करतेस गं तिकडे?
काही नाही, म्हणायचे.

बुधवारी पेशींच्या थरात भोकं दिसली,
सुईच्या टोकाएवढी, गोल.
बाहेर गोठ्यात तीच उंटीण
रवंथ करत उभी, नाक वाहतंय, बाकी मजेत.

दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवून फॉर्म दिला.
संध्याकाळी परत आला,
कोपऱ्यात इद्रिसचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर:
गुरुवारपर्यंत ठरव.