चौदा बाय अठ्ठेचाळीस

नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे.
एकशे एक नंबरच्या हायवेवर, विमानतळाच्या अलीकडे,
मी मोजलेत: सहा.
सातव्या रात्री मालियाचा फोन येतो,
"एव्हारिस्तो, झोपलास? तो उतरव.
दुसरा चढवायचाय, उजाडायच्या आत."

चौदा फूट उंच, अठ्ठेचाळीस फूट लांब,
गुंडाळलं की मेलेल्या डुकराएवढं जड व्हिनाइल.
आधी खांद्यावर, मग शिडीवर, मग वाऱ्यावर.
खाडीचा वारा दोन्ही कंपन्यांशी सारखाच वागतो,
दोघींच्याही कडा दातांत धरून ओढतो.

मार्चमध्ये एकीनं लिहिलं: कोड लिहू नका. नुसतं सांगा.
एप्रिलमध्ये समोरच्या खांबावर दुसरी: सांगूही नका.
त्यावर पहिलीचं उत्तर आलं,
अख्खा फलक पांढराशुभ्र
आणि उजव्या कोपऱ्यात एक पूर्णविराम,
माझ्या डोक्याएवढा.
त्या पूर्णविरामाचे मला तेवढेच पैसे मिळाले
जेवढे वाक्याचे मिळतात.
हा धंदा मला त्यासाठीच आवडतो.

मेपासून खाली ट्रकजवळ दोर धरायला इसायास येतो.
बायकोचा भाचा. अकरा वर्षं कोड लिहायचा
सॅन मातेओत, दातांच्या डॉक्टरांची बिलं करणाऱ्या कंपनीत.
काढलं तेव्हा कुणी वाकडं बोललं नाही, सांगतो,
केक आणला होता. लिंबाचा.
हात अजून मऊ आहेत त्याचे.
रॅचेट फिरवताना सालटं निघतात,
तो फुंकर घालतो आणि पुन्हा फिरवतो.

एका गुरुवारी आला तो फलक काळा होता,
त्यावर हिरव्या अक्षरांत खराखुरा कोड.
पाच ओळी, एकेक अक्षर मांडीएवढं उंच.
अर्धा ताणून झाला तसा इसायास खालून ओरडला,
"काका, थांबा."
टॉर्च घेऊन तो ओळींवरून फिरला,
वाण्याची बेरीज पुन्हा करून बघावी तसा.
"हे एकापासून मोजायला लागतं, वर वर जातं,
आणि म्हणतं, शून्य आलं की थांबेन."
"मग?"
"मग थांबतच नाही."
"कोण थांबवतं?"
"कुणी वायर काढली तर."

मालियाला कळवलं. तिनं वर विचारलं, वरच्यांनी आणखी वर.
दोन वाजले. धुकं उतरून फलकाचे पाय दिसेनासे झाले.
बोनेटवर कॉफी ठेवली, ती गार झाली.
मग निरोप: जसं छापलंय तसं लावा,
समोरचे सहाला लावतायत.

लावलं. चोवीस पट्टे, एकेक आवळून.
शेवटचा इसायासनं वर येऊन स्वतः आवळला
आणि उतरलाच नाही बराच वेळ,
शेवटच्या ओळीतल्या शून्याला पाठ टेकून उभा.
जाड मार्कर माझ्या खिशात होता.
त्यानं मागितला नाही.
मी दिला नाही.

सकाळी खालून गाड्या गेल्या, त्यातल्या निम्म्या
हे असलंच काही लिहायला चाललेल्या.
कुणी ब्रेक लावला नाही.
नाही, एकानं लावला. पण तो पुढच्या गाडीसाठी.

उतरवलेलं व्हिनाइल कंपन्या परत मागत नाहीत.
पेस्कादेरोला माझी मेहुणी चेलो ते खुराड्याला घालते.
पहिलीचं छप्पर, दुसरीची पश्चिमेची भिंत,
वारा तिकडूनच येतो.
कापताना अक्षरं तुटली. 'सांगू' भिंतीवर राहिलं,
'नका' दारावर गेलं.
पूर्णविराम नेमका नळाजवळ आला,
तिथे ती बादली टेकवते.

रविवारी इसायास अंडी आणायला गेला होता.
तीस आणली, दोन फुटली.
म्हणाला, कोंबड्या त्या पांढऱ्याखालीच जास्त बसतात.
का, ते मी विचारलं नाही.
उन्हात गार राहत असेल.

फोन वाजतोय.
आज तर पाचवाच दिवस.