सातवं गाणं, टेक तिसरा

शनिवारी सातपूरला सुट्टी,
प्रेस गप्प असतात, म्हणून शनिवार.
वरच्या खोलीत द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या
भिंतींना ठोकलेल्या, आतला फोम बाहेर करून;
ड्रमवर माझ्या आईची सोलापुरी चादर.
पंखा बंद. घामाने निथळत ऋजुता
पुन्हा तारा लावते, म्हणते, घे.

अल्बमची आठ गाणी झालीत. सातवं अडलंय.
तिसऱ्या टेकला, दुसऱ्या कडव्यात,
समोरच्या कंपनीचा भोंगा झाला साडेतीनचा.
सुट्टी असून.
वॉचमन गांगुर्डे सवयीने वाजवतो,
कुणी आत जात नाही, कुणी बाहेर येत नाही.

ती थांबली. अर्धा ठोका, जास्त नाही.
मग शब्द पुढे गेला.

पुण्याचा मिक्सिंगवाला म्हणतो, काढून टाकू,
दोन मिनिटांचं काम.
मी काढून पाहिलं. भोंगा गेला,
पण ती का थांबली ते कळेना;
बोलता बोलता कुणी दाराकडे बघावं
आणि दारात कुणीच नसावं, तसं.

तिचे वडील त्याच गेटातून
सव्वीस वर्षं रिकामा डबा घेऊन बाहेर यायचे.
व्हीआरएसनंतरही साडेतीनला
स्वतःच चहाचं आधण ठेवायचे.
हे तिने नाही सांगितलं. आमची भिंत एकच होती.

भोंगा परत ठेवला.
ड्रमवाल्या तन्वीरला म्हटलं, इथे तूही थांब.
"किती?"
मोजून नाही सांगता येत रे,
गेट उघडायला लागतं तेवढं.