ही ओळ काढू नये

वेइक्को निवृत्त झाला तेव्हा त्यानं मला दिल्या
तीनशे सतरा कृती,
एक टवका उडालेला मग, आणि खिडकीजवळची खुर्ची.
खिडकीतून नदी दिसते. म्हणजे नोव्हेंबरपासून
नदीच्या जागी एक पांढरी गोष्ट दिसते.

कृती म्हणजे कृतीच. साहित्य, प्रमाण, क्रम.
आधी कंपायलर, मग गणिताच्या लायब्रऱ्या,
मग फाइली वाचणारी ती हट्टी लायब्ररी,
जिला स्वतःचे आणखी अकरा जिन्नस लागतात
आणि त्या अकरांतल्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही.
चवीनुसार मीठ इथे चालत नाही.
इथे मिठालाही आवृत्ती असते
आणि खाली चौसष्ट अक्षरांची खूण,
की हे तेच मीठ,
रात्रीतून कुणी पुडी बदललेली नाही.

एकदा बदलली होती.
कुणा भल्या माणसानं, दूर आपल्या घरी बसून,
स्पेलिंगची एक चूक दुरुस्त केली
आणि त्याच नावानं पुडी परत फळीवर ठेवली.
आमच्या चौदा चुली विझल्या.

आउने केत्तुनेन बर्फाचा अभ्यास करते.
तिचं मॉडेल फोरट्रानमधलं, माझ्याहून वयानं मोठं.
ते सांगतं, समुद्रावरचा बर्फ
बेटापर्यंत गाडी पेलेल का, आणि कधीपासून.
बेटावर एकशे नव्वद माणसं, एक शाळा.
टपालाची गाडी सिर्का चालवते.
तिचा मॉडेलवर विश्वास नाही,
पण विचारते.

गुरुवारपर्यंत ते नव्या यंत्रावर हवं होतं.
सोमवारी रात्री मी कृती उघडली,
तर मधोमध कंपायलरला दिलेली एक जुनी ताकीद
आणि तिच्यावर वेइक्कोची टीप:
"ही ओळ काढू नये. कारण नंतर लिहीन."

मी काढली.
नव्या यंत्राला जुन्या ताकिदी कशाला?
चाळीस मिनिटं लागायची, छत्तीस लागली.
चारशे बारा चाचण्यांपैकी चारशे अकरा पास.
एकीत बर्फाची जाडी
दशांशानंतर सातव्या घरात वेगळी.
सातवं घर म्हणजे, एका केसाचे
उभे सातशे काप करा, त्यातला एक.
त्यानं सिर्काची गाडी बुडत नाही.
पण मॉडेल तासातासानं पुढे सरकतं
आणि प्रत्येक तास आधीच्या तासाचं उष्टं खातो.
मार्चअखेरीपर्यंत त्या एका कापाचे
चार सेंटिमीटर झाले होते.

ओळ परत घातली. ये रे माझ्या मागल्या.
चाळीस मिनिटं. चारशे बारा.

बुधवारी वेइक्कोला गाठलं
तळ्यावर, बर्फाला पाडलेल्या भोकाशी.
उणे एकोणीस. दाढीत दंव.
थर्मासमधली कॉफी त्यानं मला स्वतःच्या कपात दिली.
मी ती ओळ म्हणून दाखवली, अक्षर न अक्षर.
तो बराच वेळ भोकात बघत राहिला.
"दोन हजार नऊ," म्हणाला. "नाही, अकरा.
रितवा तेव्हा इस्पितळात होती."
पुढे बोलला नाही.
बोटाएवढा एक मासा लागला गळाला,
तो त्यानं परत सोडला.

रात्री आवृत्त्या बदलल्या, खुणा तपासल्या,
आणि त्याच्या टिपेखाली माझी टीप जोडली:
"काढून पाहिली. सातवं घर हलतं.
का, ते आता दोघांना माहीत नाही."
तारीख घातली. त्यानं घातली नव्हती.

गुरुवारी आउनेचं मॉडेल चाललं.
शुक्रवारी सिर्का गेली,
आधी चालत, कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठोकून बघत,
मग गाडीनं, पट्टा न लावता, दार उघडं ठेवून.

मी ते पाहिलं नाही.
दुपारी कंपायलरची नवी आवृत्ती आली होती.