चार पौंड, अकरा पेन्स

सेकोंडीच्या पोस्टात मी शिक्के मारतो,
म्हणून लंडनचं पाकीट दर सहा महिन्यांनी
आधी माझ्या हाती लागतं, मग एग्या क्वान्सांच्या.
त्यांना आता अक्षरं दिसत नाहीत.
दिसत होती तेव्हाही वाचली नव्हती,
हे ते स्वतःच सांगतात, मासळी साफ करता करता.

"वाच."
प्रक्षेपण, जर्मनी, शून्य दशांश शून्य दोन.
विमानातलं संगीत.
कुठल्याशा हॉटेलची लिफ्ट.
एका विमा कंपनीची जाहिरात, तीस सेकंद,
तेवढ्यात त्यांचा अख्खा अंतरा बसवलाय,
फक्त बोटीचं नाव कापून.
प्रकाशकाचा वाटा. उपप्रकाशकाचा वाटा.
वसुलीचा खर्च.
आणि सगळ्यात खाली,
पायरीवर बसवून ठेवल्यासारखे,
चार पौंड, अकरा पेन्स.

"नाव?"
नाव दरवेळी विचारतात.
क्वान्सा, के., मी म्हणतो. शब्द आणि संगीत.
ते मान हलवतात, पुढचा मासा घेतात.

एकसष्ट साली बारा पौंड रोख
आणि तारांचा एक नवा संच देऊन
घामानं निथळणाऱ्या एका साहेबानं सही घेतली.
खाऱ्या वाऱ्यात तारा वर्षभरात गंजल्या.
सही गंजली नाही.
कंपनी पुढे तीनदा विकली गेली,
गाण्यासकट,
जसं घर विकतात भाडेकरूसकट.
गेल्या वर्षी नातवानं लग्नात तेच गाणं म्हटलं,
फोनवरून चार लोकांना दाखवलं.
सकाळी गायब.
खाली एक ओळ: मालकाच्या हक्काचा भंग.
मुलगा आजोबांकडे असा बघत होता
जणू त्यांनीच तक्रार केली.

मी चिडतो. म्हणतो, एग्या,
वारूळ बांधायचं मुंग्यांनी, राहायचं नागानं,
आणि कायदा म्हणे मुंग्यांसाठी.
ते सुरी पुसतात.
"नाग आहे म्हणून वारूळ कुणी लाथाडत नाही, हेही बघ.
सही करायच्या आधी माझी दोन गाणी
ताकोरादीच्या एका ट्रम्पेटवाल्यानं नेली.
तिथे पेन्सही नाहीत. नावही त्याचंच."

मग बराच वेळ काही नाही. मांजर. खवले.

"आणि तो ताल तरी माझा कुठे होता?
खालच्या किनाऱ्यावर जाळं ओढणारे,
अठ्ठावीस जण, वाळूत टाचा रोवलेले.
मी तिथे डबा घेऊन बसलेला पोर.
त्यांचा वाटा कुठल्या रकान्यात आहे, शोध बरं."

मी शोधत नाही. शेवटचं पान वाचतो:
हक्क, रचनाकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं.
एग्या इतके हसतात की खोकला लागतो.
"म्हणजे मोजणी माझ्यापाशी अडलीय!
बिचारे. चांगली माणसं, घाई करत नाहीत."

चेक वटवायला इथली बँक सहा पौंड कापते.
म्हणून चेक ते वटवत नाहीत,
चौघडी करून गिटारीच्या भोकातून आत सोडतात.
सोळा वर्षांचे साठलेत.
संध्याकाळी ओसरीवर वाजवायला बसले
की लाकडाच्या पोटात कागद सरकतात,
सर्र, सर्र,
ओल्या दोरासारखे, टाचांखालच्या वाळूसारखे,
आणि ते ठोक्यावर थांबतात,
त्या आवाजाला आधी जाऊ देतात.