तिसरं नाव

भुसावळ, मे महिना, रात्रीचे साडेअकरा.
कूलरमधलं पाणी संपलंय, नुसता पंखा फिरतोय,
आणि टेबलावर सावद्याच्या निंबा वारकेंचा टॅब्लेट,
केळीच्या काट्यावर वजनं मांडणारा.
म्हणतो, बॅटरी नाही.

बॅटरी आहे. हात ठेवला की कोमट लागते.
पण कर्नल तिला हाक मारत नाही,
कारण फर्मवेअरने आधीच चिठ्ठी लिहून ठेवलीय:
हिला उठवण्याआधी तिघांना उठवा.
पहिली बस, जिच्यावरून ही बोलते.
दुसरा पिनांचा कंट्रोलर.
तिसरं एक चार अक्षरी नाव,
आणि त्या नावाचं काहीही
या बोर्डावर बसवलेलं नाही.
मी भिंग लावून पाहिलं.

कुठल्याशा कारखान्यात कुणीतरी
जुन्या मॉडेलची यादी तशीच उतरवली असणार,
शिफ्ट सुटताना.
कर्नल सरळमार्गी. मोजत बसतो:
तीन बाकी. बस उठली, दोन बाकी.
पिना उठल्या, एक बाकी.
मग त्या एकावर थांबतो तो थांबतोच.
अजून आला नाही, आणि येणारच नाही,
यातला फरक त्याला कुणी शिकवलेला नाही.

काल मी चिडून वाट पाहणंच काढून टाकलं.
मोजायचंच नाही, म्हटलं.
बॅटरी ताडकन उठली, बोलायला गेली,
बस अजून झोपेत,
स्क्रीन काळी पडली आणि काळीच राहिली.
म्हणजे यादी खोटी नव्हती.
तिघांतले दोघं खरे होते.
सगळीच खोटी असती तर
मी केव्हाच झोपले असते.

खाली ओट्यावर तायडेकाका जागेच होते.
एकोणतीस वर्षं यार्डाच्या केबिनमध्ये लिव्हर ओढलेले हात,
अजून कोपरापासून जड.
त्यांना सांगितलं, जमेल तसं.
तंबाखू मळता मळता म्हणाले,
"आमच्या फ्रेममधी सतरा नंबर होता.
सायडिंग उखडलं, रूळ भंगारात गेले,
कुलूप मात्र ऱ्हायलं.
सतरा लागल्याबिगर एकवीस हालेच ना.
मालगाडी उभी, ड्रायव्हर शिट्ट्या मारू राह्यला."
मग? तोडलं कुलूप?
"येडी का तू? त्याच कुलपांवर बाकीच्या गाड्या जगतात.
मेमो लिव्हला. सतरा रद्द, कारण हे, सही, तारीख.
सिग्नलवाला आला, तेवढी एक खिटी काढली,
बाकी फ्रेमले हात नाही लावला."

वर आले. कालची ओळ खोडली.
वाट पाहणं परत जागेवर ठेवलं.
कर्नलात एक छोटी यादी आधीपासूनच आहे,
ज्यांच्यासाठी थांबू नये अशांची.
तिच्या तळाशी हे नाव घातलं, फक्त ह्याच मॉडेलपुरतं,
आणि वर टीप:
काय पाहिलं, कधी पाहिलं,
उद्या कुणी हे यंत्र खरंच बसवून विकलं
तर आधी ही ओळ काढा.
टीप ओळीपेक्षा लांब झाली. होऊ दे.

पावणेदोन.
तीन बाकी.
नको त्याला वगळलं, दोन बाकी.
बस. पिना.
बॅटरी, त्रेचाळीस टक्के.
मी उठून कूलरमध्ये एक बादली ओतली.

सकाळी काकांनी विचारलं,
"ज्यानं ते नाव लिव्हलं, त्याले कळवलं का?"
कसं कळवणार? चिपमध्ये भाजलेलं आहे,
कारखान्याचा पत्ता नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही.
ते बराच वेळ यार्डाच्या दिशेला बघत राहिले.
"म्हंजे सतरा नंबर तठीच हाये."
आहे, म्हटलं.

मग वारकेंचा पोरगा आला, गाडी भरायची घाई,
टॅब्लेट उलटासुलटा करून पाहिला
आणि एवढंच विचारलं, टिकेल किती?
दुपारपर्यंत, मी म्हटलं. वायर जवळ ठेव.